गाळणीआधी हवा मोजा

नोव्हेंबर लागला की मुंबईवरचं वारं पालटतं. समुद्रावरून येणारी झुळूक मंदावते, जमिनीकडचं कोरडं वारं जोर धरतं. रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. शहराचा दिवसभराचा धूर आणि बांधकामांची धूळ त्या झाकणाखाली साचून राहते. पुणे, नाशिक, नागपूर, चंद्रपूर इथल्या हिवाळी सकाळीही याच कारणानं धुरकट असतात. केंद्र सरकारनं २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली डझनाहून अधिक शहरं आहेत, ती उगाच नाहीत. या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न निघतो: एसीला चांगला फिल्टर बसवून घ्यावा की वेगळा प्युरिफायर आणावा, आणि आणायचाच तर कोणता? दुकानात या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात मिळतं: ९९.९७ टक्के. इतके कण अडवणाऱ्या फिल्टरला 'हेपा' म्हणतात, आणि त्याहून कमी काही घेणं म्हणजे तब्येतीशी तडजोड, असा समज होतो. आकडा खरा आहे. पण घरातल्या माणसाला जे जाणून घ्यायचं असतं, त्याबद्दल तो फार थोडं सांगतो. घरासाठी फिल्टर निवडताना तो किती बारीक आहे याच्या आधी त्यातून तासाला किती हवा जाणार आहे हे पाहायला हवं, आणि ही हवा ढकलणाऱ्या यंत्राला तो फिल्टर झेपणार आहे का, हेही. ही साधी गोष्ट खरेदीच्या वेळी जवळजवळ कुणीच विचारत नाही, म्हणून ती जरा मुळापासून पाहू.

आधी 'गाळणी' या शब्दानं डोक्यात बसवलेलं चित्र काढून टाकावं लागेल. चहाची गाळणी, पिठाची चाळण किंवा वैद्याचं वस्त्रगाळ चूर्ण या सगळ्यांत नियम एकच: भोकापेक्षा मोठं ते वर राहतं, लहान ते खाली जातं. हवेचा फिल्टर असा चालत नाही. तो म्हणजे अतिशय बारीक तंतूंचा अस्ताव्यस्त गुंता असतो आणि तंतूंमधल्या फटी अडकणाऱ्या कणांच्या कितीतरी पट मोठ्या असतात. कण अडकतो तो तंतूला धडकल्यामुळे. एकदा टेकला की या सूक्ष्म पातळीवरची आकर्षणं त्याला सुटू देत नाहीत. धडकण्याचे मार्ग मात्र कणाच्या आकारानुसार वेगळे असतात. परागकण किंवा मातीचा कण जड असतो. हवा तंतूला वळसा घालून जाते, पण त्याला ते वळण घेता येत नाही आणि तो सरळ तंतूवर आदळतो. अगदी चिमुकला कण याच्या उलट वागतो. हवेचे रेणू त्याला चहूबाजूंनी ढुशा देत असतात, त्यामुळे तो वेडावाकडा भरकटत जातो आणि भरकटता भरकटता एखाद्या तंतूला चिकटतो. आइनस्टाइन यांनी १९०५ साली ज्या हालचालीचं गणित मांडलं, तीच ही ब्राउनियन गती. अडचण येते ती मधल्या कणांची. जडपणामुळे आदळावेत इतके ते मोठे नसतात आणि भरकटावेत इतके लहानही नसतात. हा नाठाळ आकार साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपास येतो, म्हणून हेपाची परीक्षा तिथंच घेतात. '०.३ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो' याचा अर्थ त्याहून लहान कण निसटतात असा अनेकजण लावतात, तो चुकीचा आहे. ०.३ ही सर्वांत अवघड परीक्षा आहे. त्याहून लहान आणि मोठे, दोन्ही कण हेपाला अधिक सहज सापडतात.

आता या ९९.९७चा जन्म कुठला ते पाहू, कारण सारा घोटाळा तिथून सुरू होतो. हेपा फिल्टरची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात आहेत. किरणोत्सारी धूळ असलेली हवा बाहेर सोडण्याआधी ती स्वच्छ करायची होती. ती हवा फिल्टरमधून एकदाच जाणार आणि मग मोकळ्या आभाळात मिसळणार. पहिल्या फेरीत जो कण सुटला तो कायमचा सुटला. तिथं हजारात एक कण निसटणंही परवडणारं नव्हतं. आजची शस्त्रक्रियागृहं, औषधनिर्मितीचे कक्ष, मायक्रोचिपचे कारखाने इथं हेपा लागतो तोही याच कारणानं: फिल्टरमधून निघालेली हवा थेट रुग्णाच्या जखमेवर किंवा उघड्या चिपवर पडते. घराची गोष्ट निराळी आहे. घरातला एसी किंवा प्युरिफायर खोलीतलीच हवा ओढतो, गाळतो आणि परत खोलीतच सोडतो. या फेरीत सुटलेला कण थोड्या वेळानं पुन्हा त्याच दारात येतो. एकदाच जाणाऱ्या हवेसाठी घडवलेलं माप आपण फिरत राहणाऱ्या हवेला लावतो आहोत.

याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा असा आहे. दहा फूट बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा असते. एका यंत्रात अस्सल हेपा आहे, पण त्याचा पंखा तासाला १२० घनमीटर हवाच त्यातून ओढू शकतो. दुसऱ्याचा फिल्टर साधारण आहे, फेरीला ६० टक्केच कण अडवतो, पण त्यातून तासाला ४०० घनमीटर हवा जाते. पहिलं यंत्र तासाला १२० घनमीटर स्वच्छ हवा देतं आणि दुसरं २४०. बाहेरून काही आत येत नाही असं धरलं, तर अर्ध्या तासानंतर पहिल्या खोलीत सुरुवातीच्या कणांपैकी सुमारे १७ टक्के उरतील, दुसऱ्या खोलीत सुमारे ३ टक्के. ज्या फिल्टरकडे दुकानात कुणी वळूनही पाहिलं नसतं त्याच्या खोलीतली हवा जास्त स्वच्छ. 'पण चाळीस टक्के कण आरपार जातात त्याचं काय?' हा आक्षेप स्वाभाविक आहे. जातात, आणि काही मिनिटांत परत येतात. तेव्हा त्यांतले साठ टक्के अडतात, उरलेल्यांतले साठ टक्के पुढच्या वेळी. फेऱ्या भरपूर असतील तर अपुरी गाळणी हे काम पुरं करते. फेऱ्याच कमी असतील तर परिपूर्ण गाळणीला कामच मिळत नाही.

बारीक फिल्टरमधून हवा कमी का जाते, याचं उत्तर पंख्यात आहे. अमेरिकेत आणि कॅनडात बऱ्याच घरांत उष्णता आणि गारवा दोन्हीसाठी एकच मध्यवर्ती यंत्रणा असते. तळघरात किंवा माळ्यावर एक मोठा ब्लोअर असतो, तो घरभरची हवा पत्र्याच्या नळांतून ओढतो आणि तापवून किंवा गार करून परत पाठवतो. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा लागणारा, पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्टर ओळखीचा असेल. तो या ब्लोअरच्या तोंडाशी बसतो. त्याच्यावर 'मर्व्ह' नावाचा दर्जा छापलेला असतो. वातानुकूलन क्षेत्रातल्या अभियंत्यांच्या 'ॲशरे' या अमेरिकी संस्थेची ही मोजपट्टी १ ते १६ अशी आहे. मर्व्ह ८चा फिल्टर ३ ते १० मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ७० टक्के अडवतो. म्हणजे परागकण, कपड्यांचे तंतू आणि मोठी धूळ त्यात अडकते; धुराच्या, म्हणजे एका मायक्रॉनहून लहान कणांबद्दल मात्र हा दर्जा कसलीच हमी देत नाही. मर्व्ह १३ला ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांपैकीही किमान निम्मे अडवावे लागतात. माझ्या मते धुराचा विचार करणाऱ्या घरासाठी खरी उडी या दोहोंमधली आहे. मर्व्ह १३च्या पुढे हेपापर्यंत जाण्यात मिळणारा लाभ त्यामानानं थोडा, आणि त्याची किंमत यंत्राला मोजावी लागते.

ती किंमत अशी. घरगुती यंत्रणेतला ब्लोअर साधारण १२५ पास्कल दाबाचा अडथळा पेलेल असा आखलेला असतो. वातावरणाच्या दाबाचा हा जेमतेम आठशेवा भाग. एवढ्यातच नळांची वळणं, गार करणारी कॉइल, जाळ्या आणि फिल्टर या सगळ्यांचा अडथळा बसवायचा असतो. इंचभर जाडीच्या चौकटीत दाट फिल्टर कोंबला आणि त्यानंच निम्मा दाब खाल्ला, तर बाकीच्यांच्या वाट्याला काय उरणार? जुन्या पद्धतीच्या मोटरचा पंखा अशा वेळी कमी हवा ढकलतो. नवी, वेग आपोआप सांभाळणारी मोटर हवा टिकवायला धडपडते आणि वीज जास्त खाते. हवा कमी झाली की उन्हाळ्यात कॉइल प्रमाणाबाहेर गार होऊन तिच्यावर बर्फ धरतो आणि हिवाळ्यात भट्टी तापून सुरक्षेचा स्विच तिला बंद पाडतो. फिल्टर उत्तम असतो, आणि घरात ना धड गारवा येत ना स्वच्छ हवा.

यातून सुटकेचा मार्ग आहे, आणि तो मला या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. फिल्टरचं क्षेत्रफळ वाढवायचं. तंतूंच्या थरातून हवा संथ जाते, तेव्हा तिला होणारा अडथळा तिच्या वेगाच्या प्रमाणात असतो. तोच कागद साडीच्या निऱ्यांसारखा खोल घड्या घालून बसवला आणि त्याचं क्षेत्रफळ दुप्पट केलं, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून जाणारी हवा निम्म्या वेगानं जाते आणि अडथळाही निम्मा होतो. वर आणखी एक लाभ: वेग कमी झाल्यानं चिमुकल्या कणांना तंतूंमध्ये भरकटायला जास्त वेळ मिळतो, म्हणून ते अधिक अडकतात. शिवाय धूळ मोठ्या पृष्ठभागावर पसरल्यानं फिल्टर जास्त दिवस टिकतो. म्हणून चार-पाच इंच जाडीचा मर्व्ह १३ हा एक इंचाच्या मर्व्ह १३पेक्षा वेगळ्याच जातीचा माल समजावा, छापील दर्जा सारखा असला तरी. त्यासाठी फिल्टरची खाच रुंद करून घ्यावी लागते. तो खर्च एकदाच होतो.

या गणितात वेळही धरायला हवा. तीन टनांची मध्यवर्ती यंत्रणा मिनिटाला सुमारे १,२०० घनफूट हवा फिरवते. दोन हजार चौरस फुटांच्या, आठ फूट उंच घरात म्हणजे तासाला साडेचार फेऱ्या झाल्या. पण थर्मोस्टॅट 'ऑटो'वर असेल, तर हवं ते तापमान आलं की पंखा थांबतो. सौम्य हवामानात तो तासातली पंधराच मिनिटं चालला, तर फेऱ्या एकवर येतात, आणि फिल्टर निम्मेच कण अडवत असेल तर स्वच्छ हवेच्या जेमतेम अर्ध्यावर. जून २०२३मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर खाली आला आणि न्यूयॉर्कचं आभाळ नारिंगी झालं. तशा दिवसांत नवा फिल्टर शोधत फिरण्याआधी थर्मोस्टॅटवर पंखा सतत चालू ठेवणं जास्त उपयोगाचं ठरतं.

आपल्याकडच्या घरांत प्रश्न याहून बिकट आहे, कारण इथं स्प्लिट एसी असतो. त्याच्या इनडोअर युनिटमध्ये लांब नळकांड्यासारखा पंखा असतो. तो आवाज न करता पुष्कळ हवा हलवतो, पण अडथळ्यापुढे दाब निर्माण करणं त्याच्या स्वभावातच नाही. म्हणूनच त्याच्यापुढे प्लास्टिकची विरळ जाळी असते. ती जाळी कॉइलला धूळ बसू नये म्हणून आहे. आपल्या फुप्फुसांसाठी ती केलेलीच नाही. केसाची जाडी ५० ते ७० मायक्रॉन धरली, तर २.५ मायक्रॉनचे कण, ज्यांची चर्चा वर्तमानपत्रांत रोज असते, तिच्या विसाव्या भागाइतके किंवा त्याहूनही लहान. ते या जाळीतून असे जातात जशी गाडी बोगद्यातून. मग जाळीवर चिकटवायच्या दाट कापडी पट्ट्या बाजारात येतात. पट्टीनं जाळीचा थोडाच भाग झाकला, तर हवा तिला टाळून मोकळ्या भागातून जाते, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते. सगळी जाळी झाकली, तर पंखा गुदमरतो, खोली गार व्हायला वेळ लागतो, कॉइलवर बर्फ धरतो, पाणी टपकू लागतं आणि मेकॅनिक येऊन गॅस कमी झाल्याचं निदान करण्याचीही शक्यता असते. स्प्लिट एसीला गारवा देण्याचं आणि दमटपणा काढण्याचं काम करू द्यावं, दर पंधरा-वीस दिवसांनी त्याची जाळी धुवावी आणि बारीक कणांचं काम त्यासाठीच बनवलेल्या वेगळ्या यंत्राला द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते यंत्र महागच हवं असं नाही, याचा पुरावा कोविडच्या साथीनं दिला. ऑगस्ट २०२०मध्ये रिचर्ड कॉर्सी हे अमेरिकी प्राध्यापक आणि जिम रोझेन्थाल हे टेक्सासमधले फिल्टर व्यावसायिक यांनी एक कल्पना मांडली: मर्व्ह १३चे चार चौकोनी फिल्टर उभे करून त्यांचा खोका करायचा, फटी चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि वर एक चौकोनी पंखा ठेवायचा. कॉर्सी-रोझेन्थाल बॉक्स या नावानं तो शाळाशाळांत पोहोचला. पुढे त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा स्वच्छ हवेच्या बाबतीत हा घरगुती खोका कितीतरी महागड्या हेपा यंत्रांच्या बरोबरीला आणि अनेकदा पुढे निघाला. कारण तेच: चार फिल्टरांचं भरपूर क्षेत्रफळ, त्यामुळे कमी अडथळा, त्यामुळे साध्या पंख्यानंही पुष्कळ हवा. हेपाला कमी लेखण्याचा यात हेतू नाही. मोठं क्षेत्रफळ आणि दमदार पंखा असलेलं हेपा यंत्र उत्तमच. पण त्याचं उत्तमपण ९९.९७मध्ये नाही.

ते कुठं शोधायचं? खोक्यावर 'सीएडीआर' नावाचा आकडा असतो, तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते ते सांगणारा. गाळण्याची क्षमता आणि हवेचं प्रमाण, दोन्हींचा गुणाकार त्यात आलेला असतो, म्हणून तोच आधी वाचावा. खोलीच्या घनफळाची पाचपट हे चांगलं उद्दिष्ट आहे. वरच्या ३४ घनमीटरांच्या खोलीला ते १७० येतं. शेजारी छापलेला 'इतक्या चौरस फुटांसाठी योग्य' हा दावा मात्र तासाला किती फेऱ्या धरल्या आहेत त्यावर अवलंबून असतो, आणि फेऱ्या कमी धरल्या की कोणतंही यंत्र मोठ्या खोलीला 'योग्य' ठरतं. दुसरी खोच अशी की सीएडीआर पंख्याच्या सर्वांत मोठ्या वेगावर मोजलेला असतो. त्या आवाजात झोप लागत नाही, म्हणून रात्री यंत्र सर्वांत हळू वेगावर चालवलं जातं आणि छापलेल्या आकड्याचा लहानसा हिस्साच हाती लागतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं यंत्र घ्यावं आणि ते मधल्या वेगावर चालवावं.

'आमच्या खिडक्या वर्षातले आठ महिने उघड्या असतात, मग हे सगळं कशाला?' हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचं उत्तरही आकड्यांतच द्यायला हवं. खिडक्या बंद असलेल्या खोलीत फटींतून तासाला अर्धी फेरी बाहेरची हवा येते असं धरू. यंत्र पाच फेऱ्या स्वच्छ हवा देत असेल, तर आतले कण बाहेरच्या सुमारे नऊ टक्क्यांवर येतात. खिडक्या उघडून वारा खेळू दिला आणि तासाला सात फेऱ्या बाहेरची हवा आली, तर तेच यंत्र आतले कण बाहेरच्या जेमतेम साठ टक्क्यांपर्यंत उतरवतं. म्हणजे खिडक्या उघड्या ठेवून प्युरिफायर चालवणं हे बरंचसं वाया जाणारं काम आहे, आणि ज्या घराला खिडक्या बंद ठेवणं शक्यच नाही त्यानं तो पैसा दुसरीकडे वापरावा. पण बंद खोलीला तिचा स्वतःचा त्रास असतो. फिल्टर कण अडवतो, वायू अडवत नाही. दोन माणसं घट्ट बंद खोलीत रात्रभर झोपली, तर बाहेर दहा लाखांत सुमारे ४२० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड पहाटेपर्यंत सहज दोन हजारांवर जातो. सकाळचं जडावलेपण त्यातूनही येत असू शकतं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं. यावर मार्ग वेळेचा आहे: हिवाळ्यात पहाटेची हवा सर्वांत वाईट आणि दुपारची त्यामानानं बरी, कारण उन्हानं उबदार हवेचं ते झाकण उचललं जातं आणि किनाऱ्यावर समुद्राचा वाराही सुटतो. खिडक्या दुपारी उघडाव्यात, पहाटे नाही. 'सकाळची हवा शुद्ध' ही आपल्या मनात पक्की रुजलेली गोष्ट शहरातल्या डिसेंबरला लागू पडत नाही.

वायूंसाठी कार्बनचा थर असतो, पण पातळशी काळी चादर काही आठवड्यांत भरून जाते. वास खरोखर घालवायचा तर किलोच्या हिशेबात कार्बन लागतो. आयन सोडणाऱ्या यंत्रांबद्दल मी जास्त सावध राहीन. त्यांतली काही ओझोन निर्माण करतात आणि ओझोन फुप्फुसांना दुखावतो. कॅलिफोर्नियानं घरगुती यंत्रांसाठी ओझोनची मर्यादा दहा कोटींत पाच भाग इतकी कडक ठेवली आहे. जे काम तंतूंचा गुंता निमूटपणे करतो, त्यासाठी हवेत नवं रसायन सोडण्याचं कारण मला दिसत नाही.

काही कण तर आपण घरातच तयार करतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डास पळवणारी एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं आढळलं होतं. बंद खोलीत ती जळत असेल, तर कोपऱ्यातलं यंत्र रात्रभर तिच्याशीच झुंजत राहील. खिडकीला मच्छरदाणीची जाळी लावणं कितीतरी स्वस्त. फोडणी आणि तळणाचा धूर बाहेर नेणारी नळी असलेली चिमणी किंवा भिंतीतला एक्झॉस्ट पंखा हे स्वयंपाकघरातलं खरं उपकरण आहे. तिथं प्युरिफायर ठेवला, तर तेलाच्या थेंबांनी फिल्टर लवकरच निकामी होतो. देवघरातली उदबत्ती लावूच नये असं मी म्हणणार नाही, पण ती लहान मुलाच्या झोपायच्या खोलीत लावू नये, एवढं तरी पाळता येतं.

'आम्ही धुळीत वाढलो, काही झालं नाही' असं म्हणणारे प्रत्येक घरात असतात. त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे: अंगणातल्या मातीचे कण मोठे असतात आणि नाक-घशातच अडतात. आजच्या शहरातल्या हवेचा धोका जळणातून येणाऱ्या बारीक कणांचा आहे. ते फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात आणि हृदयालाही त्रास देतात. अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या सुमारे आठ हजार प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षं मागोवा घेणारा हार्वर्डच्या संशोधकांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपानासारख्या गोष्टींचा परिणाम वेगळा काढल्यावरही सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत २६ टक्क्यांनी जास्त निघाला होता. फिल्टर लावल्यानं तेवढं आयुष्य परत मिळतं असं मात्र यावरून म्हणता येणार नाही. प्युरिफायरच्या चाचण्या बहुतेक लहान आणि थोड्या काळाच्या आहेत. त्यांत रक्तदाब काही अंकांनी उतरल्याचं अनेकदा दिसलं, आणि ते दिलासा देणारं आहे, पण त्याहून मोठा दावा करणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

सर्वांत गंभीर आक्षेप तिसराच आहे: ज्यांना परवडतं त्यांनी दारं लावून स्वतःपुरती हवा गाळून घ्यायची आणि रस्त्यावर झाडणाऱ्यानं, रिक्षावाल्यानं, बांधकामावरच्या मजुरानं मिळेल ती घ्यायची? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. भारतात २.५ मायक्रॉनच्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली आपली मर्यादा ५वर आणली. हे अंतर कोणत्याही घरातला कोणताही फिल्टर भरून काढणार नाही. ते वीजकेंद्रांच्या धुरांड्यांवर, बांधकामाभोवतीच्या पत्र्यांवर, कचरा जाळण्यावर आणि बसगाड्यांच्या संख्येवर ठरतं. तरीही दम्याचं मूल किंवा हृदयविकाराचे आजोबा घरात असताना ते अंतर मिटेपर्यंत थांबा असं कुणाला सांगता येत नाही. निदान एक खोली स्वच्छ ठेवावी, बहुधा झोपायची, कारण दिवसातले आठ तास एका जागी तिथंच जातात. आणि महापालिकेच्या शाळांत, अंगणवाड्यांत, रुग्णालयांच्या वॉर्डांत काय बसवायचं हे ठरवताना तासाला किती स्वच्छ हवा आणि किती रुपयांत, हाच प्रश्न निविदेत विचारला गेला, तर त्याच पैशांत कितीतरी जास्त मुलांना चांगली हवा मिळेल.

राहिली देखभाल, जिथं आपल्या चांगल्या सवयीच आड येतात. धुऊन पुन्हा वापरण्याची आपली काटकसर एसीच्या जाळीला योग्य आहे, पण हेपा किंवा कागदी फिल्टर धुतला की तंतूंची रचना बिघडते आणि ओल्या फिल्टरमध्ये बुरशी धरते. कमी अडथळ्यात चांगलं काम करणाऱ्या बऱ्याच फिल्टरांच्या तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो. तो काळानुसार आणि धुरामुळे विरतो, म्हणून पांढराशुभ्र दिसणारा फिल्टरही निम्म्या ताकदीचा झालेला असू शकतो. उलट केवळ तंतूंच्या दाटपणावर चालणारा फिल्टर काळवंडला तरी कण अडवतच राहतो. त्याच्यातून जाणारी हवा मात्र घटते. नुसतं पाहून यातलं काही कळत नाही. बसवताना कडेची रबरी पट्टी नीट बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहावं, कारण बोटभर फटीतून जाणारी हवा न गाळलेलीच खोलीत येते. काही हजार रुपयांत मिळणारं लेझरचं कणमापक जवळ असेल, तर यंत्र लावण्याआधी आणि नंतर अर्ध्या तासानं आकडा वाचता येतो. फक्त दमट हवेत ते पाण्यानं फुगलेले कण मोजून आकडा वाढवून दाखवतं. जूनमध्ये पहिल्या दोन-तीन सरींनी हवा धुऊन निघाली की यंत्र बंद करावं, फिल्टर पूर्ण कोरडा असल्याची खात्री करून तो हवाबंद पिशवीत ठेवावा आणि खिडक्या उघडाव्यात. भिंतींना ओल येईल तेव्हा काम एसीच्या 'ड्राय' बटणाचं. फिल्टरची आठवण पुन्हा दिवाळीच्या सुमारास करावी, आणि तेव्हा त्यावरची तारीख पाहून.